पायी परिक्रमेला निघताय? मग चौथ्या दिवसाची तयारी करा

मी पहिल्यांदा पायी नर्मदा परिक्रमेला निघालो तेव्हा इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीने हार-बिर घालून, हातात नारळ देऊन, एका काकांनी तर चक्क शंख वाजवून पाठवणी केली होती. आणि पाचव्या दिवशी मी कसरावदहून बस धरून परत. मुद्दाम अंधार पडल्यावर गल्लीत शिरलो, कोणी बघू नये म्हणून, पण समोरच्या काकू तुळशीपाशी दिवा लावत होत्या, त्यांनी विचारलंच, "काय रे, झाली पण?"

त्यानंतर दोन वर्षांनी परत गेलो आणि पूर्ण करून आलो, १३४ दिवस लागले. मधल्या दोन वर्षांत मी काही पैलवान झालो नव्हतो, वजन उलट दोन किलो वाढलंच होतं, पण पहिल्या वेळी नक्की काय बिघडलं ते मी शोधलं होतं. बिघडला होता चौथा दिवस. नंतर वाटेत, आश्रमात, ज्याला ज्याला विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांनी हेच सांगितलं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिशवी फेकून द्यावीशी वाटली म्हणून. म्हणून हे सगळं लिहितोय, इंदूरहून पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी. परिक्रमेचं धार्मिक अंग तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल, मी फक्त पाय, पाठ आणि डोकं यांच्याबद्दल बोलणार आहे. हिमालयातल्या लांब ट्रेकला जाणार असाल तरी यातलं बरंच कामाला येईल, तिथे फक्त उंची आणि थंडी वेगळी.

चौथ्या दिवशी होतं काय

पहिला दिवस जोशात जातो. दुसऱ्या दिवशी दुखतं पण मजा वाटते, फोटो पाठवतो आपण फॅमिली ग्रुपवर. शरीराला ज्या कामाची सवय नाही ते केलं की स्नायूंचं दुखणं लगेच येत नाही, साधारण २४ ते ७२ तासांनी टिपेला जातं, म्हणजे पहिल्या दोन दिवसांची उधारी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वसूल होते. त्यात पायाला आलेला फोड तोवर पिकलेला असतो, धर्मशाळेत शेजारच्या बाबाजींच्या घोरण्यामुळे तीन रात्री झोप नीट झालेली नसते, पोट बिघडायच्या बेतात असतं, आणि नेमका त्याच वेळी घरून फोन येतो की गीझर बंद पडलाय. यातली कोणतीही एक गोष्ट माणूस सहन करतो हो, पण सगळ्या एका सकाळी येतात. आणि तेव्हा मन म्हणतं, "अजून तीन हजार किलोमीटर?"

तर तयारी तीन हजार किलोमीटरची करायची नाही, ती कोणाच्या बापाला होत नाही. तयारी त्या सकाळची करायची.

आधी कॅलेंडर

नदी १३१२ किलोमीटर लांब, दोन्ही काठ धरले की दुप्पट, आणि धरणांच्या पाण्याला वळसे घालत प्रत्यक्ष चालणं तीन हजारांच्या वर जातं. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आजकाल बहुतेक लोक चार ते सहा महिन्यांत करतात. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, आणि चातुर्मासात चालायचं नाही, एका जागी थांबायचं. म्हणून सगळे कार्तिकी एकादशी झाली की निघतात, म्हणजे नोव्हेंबर. ओंकारेश्वरहून सुरुवात केली तर दक्षिण काठाने पश्चिमेकडे समुद्रापर्यंत, तिथे नावेने पलीकडे (नाव भरती-ओहोटी बघून सुटते, एखादा दिवस थांबावं लागेल असं धरूनच चला), मग उत्तर काठाने परत भरूच, महेश्वर, नेमावर करत अमरकंटक आणि तिथून पुन्हा दक्षिण काठाने नर्मदापुरम, हंडिया करत ओंकारेश्वर.

आता इतकी रजा कोणाला मिळते? मलाही दुसऱ्या वेळी बिनपगारी घ्यावी लागली आणि साहेबांचं तोंड आठवडाभर वाकडं होतं. ज्यांना जमत नाही त्यांनी खंड परिक्रमा करावी, पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे, जिथे थांबलात तिथूनच पुढे. कमीपणा वाटून घेऊ नका. अगदी चाखून बघायची असेल तर गुजरातेत तिलकवाड्याजवळ चैत्र महिन्यात उत्तरवाहिनी परिक्रमा असते, एका दिवसात होते, वीसेक किलोमीटर.

नोव्हेंबरात निघायचं म्हणजे चालायला जुलैत लागायचं. चार महिने. त्याच्यापेक्षा कमी असेल तर पुढच्या वर्षी जा, खरंच सांगतो.

इंदुरातल्या इंदुरात सराव

जिममध्ये ट्रेडमिलवर चालून काही होत नाही असं नाही, पण ट्रेडमिलवर खड्डे नसतात, कुत्री नसतात, ऊन नसतं आणि पाठीवर काही नसतं. मी जुलैत रोज सकाळी पाच किलोमीटर आणि रविवारी दहा असं सुरू केलं. दर आठवड्याला साधारण दहा टक्केच वाढवायचं, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचं, कारण पायाची हाडं आणि कंडरा हे स्नायूंपेक्षा हळू तयार होतात. दम वाढतो महिनाभरात, मग आपल्याला वाटतं आपण हिरो, आणि मग टाच धरते. माझ्या एका मित्राची अशीच धरली, तीन महिने बर्फ लावत बसला होता.

पाऊस आहे म्हणून घरी बसू नका, उलट पावसातच जा. ओल्या मोज्यात दोन तास चालल्यावर पायाचं काय होतं ते रिंग रोडवर कळलेलं बरं, परिक्रमेच्या वाटेवरच्या शूलपाणीच्या डोंगरात कळण्यापेक्षा.

ऑगस्टमध्ये रविवारी रालामंडलची टेकडी. पाठीवर चार किलो घेऊन वर जायचं, उतरायचं, परत जायचं. चढताना दम लागतो म्हणून लोक चढायचा सराव करतात, पण मांड्यांची वाट लावतो तो उतार, त्यामुळे उतार जास्त करा. कधी महूकडे जानापावला जा, चांगली चढण आहे. पातालपानी-कालाकुंडच्या बाजूला जाणार असाल तर रुळांवरून आणि बोगद्यांतून चालायचा शहाणपणा करू नका, रील बनवणारे करतात म्हणून आपण करायचं असं नाही. कालाकुंडचं कलाकंद मात्र खा.

मग येते नवरात्र, आणि हे मला फार सोयीचं वाटतं, आपल्याकडे देवासच्या टेकडीवरच्या देवीला पायी जायची पद्धतच आहे. साधारण ३५ किलोमीटर, रात्रभर चालणारी गर्दी, वाटेत चहा-फराळाचे स्टॉल. माझी आई तिच्या तरुणपणी नवसाने गेली होती, अनवाणी, ते ती अजून ऐकवते. तुम्ही बूट घालून जा. पाठीवर पाच-सहा किलो असू द्या, पाठीला चमकणारी पट्टी लावा, रस्त्याच्या उजव्या कडेने म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला. एका दमात ३५ होतात का हे बघायला नाही जायचं, तर रात्री तीन वाजता, झोप आलेली असताना, पाय दुखत असताना आपलं डोकं काय काय बोलतं ते ऐकायला जायचं. माझं डोकं तेव्हा रिक्षाचं भाडं विचारत होतं.

आणि दसरा ते दिवाळीच्या मध्ये शेवटची परीक्षा. इंदूर ते ओंकारेश्वर, पूर्ण सामान घेऊन. खंडवा रोडने सत्त्याहत्तरेक किलोमीटर होतं, सिमरोल, मग भेरूघाट उतरून चोरल, बलवाडा, बडवाह, मोरटक्का. श्रावणात कावडवाले याच रस्त्याने येतात उलटे, ओंकारेश्वरहून उज्जैनला जल घेऊन, त्यामुळे वाटेतल्या लोकांना पायी माणूस दिसला तर नवल वाटत नाही. ट्रक मात्र बेफाम असतात, घाटात फार जपून, उजेडात आणि एकट्याने नाही. मुक्कामाचं आधी फोन करून ठरवा. चार दिवसांत करा, आणि मुख्य म्हणजे ओंकारेश्वरला पोहोचलात की थांबू नका, दर्शन घेऊन पाचव्या दिवशी सकाळी परत मोरटक्क्यापर्यंत बारा किलोमीटर चाला. कारण चौथा दिवस पोहोचायचा दिवस असला की तो सोपा जातो, देव समोर दिसत असतो. पोहोचल्यानंतरही उठून बूट घालावे लागतात, ती सकाळ एकदा अनुभवून घ्या.

(उज्जैनची पंचक्रोशीसुद्धा छान सराव आहे, ११८ किलोमीटर, पाच दिवस, पण ती वैशाखाच्या उन्हात. पहिल्याच वर्षी नको.)

पाय

पायावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण अर्धे लोक पायांमुळे परत येतात.

बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभरात पाय सुजलेले असतात आणि रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालल्यावर असेच सुजणार असतात. नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा, अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा. मला पहिल्या वेळी दुकानदाराने जाड चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे बूट विकले होते, "भिया, ये तो लाइफटाइम चलेगा," बूट अजून चालतायत, वडील बागकामाला वापरतात. आपल्याकडच्या काठाकाठाच्या वाटेला हलके, जाळीचे, चांगली पकड असलेले ट्रेल शूज पुरतात, ओले झाले तर वाळतातही लवकर. निघायच्या आधी त्यांच्यावर किमान शंभर किलोमीटर झालेले हवेत. सोबत एक रबरी सँडल, मुक्कामाला आणि चिखलाला.

मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी मऊ पडते, मऊ कातडी घासली की फोड. घासणं, उष्णता आणि ओल या तिघांपैकी एकाला काढलं की फोड येत नाही, एवढंच त्याचं शास्त्र आहे. म्हणून दर दोन तासांनी थांबून बूट-मोजे काढायचे, पाय वाळवायचे, मोजे बदलायचे, ओले मोजे पिशवीला बाहेरून अडकवायचे. आळस येतो. सोबतचे पुढे निघून जातात, जाऊ द्या.

आणि जिथे जरा गरम-गरम, चुरचुरल्यासारखं वाटेल, तिथे त्याच क्षणी थांबून कागदी चिकटपट्टी लावायची, मेडिकलमध्ये मिळते ती. "पुढच्या गावात बघू" म्हणून मी गेलो होतो, पुढचं गाव चार किलोमीटरवर होतं, तिथे पोहोचेपर्यंत दोन्ही टाचांवर पापडाएवढे फोड. आलाच फोड तर छोटा असेल तर हात लावू नका. मोठा, ताणलेला, चालू न देणारा असेल तर साबणाने हात आणि पाय धुऊन, सुई उकळून घेऊन, कडेला बारीक भोक पाडून पाणी काढा, पण वरची कातडी सोलू नका, तीच मलमपट्टी आहे. फोडात दोरा ओवून ठेवायचा उपाय वाटेत कोणी ना कोणी सांगेलच, प्रेमाने सांगतात, पण दोऱ्यावरून घाण आत जाते, नम्रपणे नाही म्हणा. नखं निघायच्या चार-पाच दिवस आधी सरळ कापा. मांड्या घासतात त्यांनी सकाळीच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावं, आणि यात लाजण्यासारखं काही नाही, सगळ्यांच्याच घासतात.

साखरेचा आजार असेल तर अनवाणी एक पाऊलही नको आणि रोज रात्री तळपाय आरशात बघायचे. बीपी, शुगर, पन्नाशी पार, यातलं काहीही असेल तर ऑगस्टमध्येच डॉक्टरांना दाखवून या, ऑक्टोबरच्या शेवटी नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांनीच घ्या.

पिशवी रद्दीवाल्याच्या काट्यावर

माझी पहिली पिशवी साडेचौदा किलोची होती. तीत काय होतं सांगू? दोन किलो लसूण सेव. तीन पँटी त्यातली एक जीन्स. थर्मास. दोन जाडजूड ग्रंथ, जे वाचायला दिवसा वेळ नाही आणि रात्री उजेड नाही. एक्स्टेंशन बोर्ड! दुसऱ्या वेळी मी सगळं सामान पोत्यात घालून कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे नेलं आणि त्याच्या काट्यावर एकेक वस्तू वजन केली, तो आधी हसला, मग त्यालाच मजा यायला लागली, "भैया ये क्यों ले जा रहे हो?" असं प्रत्येक वस्तूला विचारायला लागला, आणि खरं सांगतो त्याच्यापेक्षा चांगला सल्लागार मला मिळाला नाही, कारण त्याला उत्तर देता आलं नाही ती वस्तू मी घरी ठेवली.

पाण्यासकट सात-आठ किलो, बस. तुमच्या वजनाच्या दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. चाळीस लिटरची सॅक, पंचावन्नची घेतलीत तर ती भरेपर्यंत तुम्ही थांबणार नाही. कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, बहुतेक वजन तिथे यायला हवं आणि खांद्याच्या पट्ट्यांनी फक्त सॅक सांभाळायची. जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध. आतून एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी लावा, सगळं सामान तिच्या आत, वरचं रेनकव्हर जोरात पाऊस आला की नावालाच.

कपडे दोन जोड, एक अंगावर, एक पिशवीत, लवकर वाळणारे. गरम कपडा एक पण नीट, कारण नोव्हेंबर-डिसेंबरात निमाडात नदीकाठी पहाटे चांगलंच गारठतं आणि अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, तिथे फेब्रुवारीतही रात्री दात वाजतात. हलकी स्लीपिंग बॅग किंवा घोंगडी, खाली टाकायला पातळ मॅट, मच्छरदाणी. ताट-पेला, छोटं पातेलं, दीड लिटर पाण्यासाठी दोन बाटल्या आणि नर्मदाजलाची बाटली वेगळी. डोक्याला लावायचा टॉर्च. दहा हजारची पॉवर बँक. काठी. आधारकार्ड, त्याच्या दोन-तीन झेरॉक्स, फोटो आणि एका कागदावर रक्तगट, औषधं, घरचे दोन नंबर, हे फोनमध्ये नाही, कागदावर. एक छोटी वही, आश्रमांत शिक्के मिळतात त्यात. सुट्टे पैसे, कारण यूपीआयला सगळीकडे रेंज नसते.

माझी ताई दोन खंड करून आली आहे, तिचं म्हणणं की बायकांसाठी कोणी नीट लिहीत नाही, तर तिचं सांगतो: पाळीचं सामान मोठ्या गावातच भरून ठेवायचं, हलकी ओढणी सगळ्यात उपयोगी वस्तू, सूर्य मावळायच्या तासभर आधी थांबायचं, आणि आश्रमात एकट्याला बरं वाटलं नाही तर गावातल्या घरात माईंना सांगायचं, त्या नाही म्हणत नाहीत.

पाणी, खाणं, औषध

हे थोडक्यात. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, उन्हात जास्त. नुसतं पाणी ढोसून घाम गाळत राहिलात तर अंगातलं मीठ कमी होऊन चक्कर, मळमळ येते, म्हणून ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हातपंपाचं, नदीचं पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून. मैयाचं पाणी आहे, काही होत नाही असं म्हणणारे भेटतील. श्रद्धा आहेच, जुलाबही आहेत.

खाणं वाटेत भरपूर मिळतं, डोंगराळ भागात मात्र एक वेळचं जवळ असावं. सत्तू, फुटाणे, शेंगदाणा चिक्की, खजूर. सेव न्या, पण पावशेर. सकाळी पोहे-जलेबी नाही मिळाली तर चिडचिड होणाऱ्यांनी (मी) ती सवय सप्टेंबरपासून सोडावी. आणि दुपारी कोणी दाल-बाफले (तुपात बुडवलेल्या जड बाट्या) खाऊ घातले तर त्या दिवसाचं चालणं संपलं असं समजा.

रोजची औषधं, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, जंतुनाशक मलम, क्रेप बँडेज. जोरदार पेनकिलर उपाशीपोटी, पाणी कमी प्यालेलं असताना घेऊन चालू नका, किडनीवर येतं, शिवाय दुखणं झाकून चाललं की इजा वाढते. कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि लसीसाठी थेट दवाखान्यात. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हलायचं नाही, १०८ ला फोन.

मागायची सवय

आता डोक्याचं. ध्यान वगैरे करत असाल तर उत्तमच, पण मला जी गोष्ट सगळ्यात जड गेली ती वेगळीच होती. मागणं.

आपण नोकरदार माणसं, आपल्याला देताना बरं वाटतं, घेताना नाही. पहिल्या वेळी तिसऱ्या दिवशी दुपारी एका गावात मी भुकेला होतो, दारात बसलेल्या माईंनी "नर्मदे हर बाबाजी, चाय पी लो" म्हटलं, आणि मी म्हणालो, "नाही नाही, झालाय." का? लाज. अंगावर पांढरे कपडे असले तरी आत मी पगारदारच होतो. पुढे दोन तास दुकान नाही, आणि चौथ्या दिवसाची अर्धी कमजोरी त्या न घेतलेल्या चहातून आली असं मला आजही वाटतं.

तिथली भाषा थोडी शिकून जा, मग सोपं जातं. माणसं मोजताना "कितनी मूर्ति हो?" असं विचारतात, घाबरू नका, तुम्हीच ती मूर्ती. आसन लावणं म्हणजे मुक्काम. बालभोग म्हणजे सकाळचा नाश्ता. सदाव्रत म्हणजे शिधा, पीठ-डाळ-तांदूळ, आपण शिजवून घ्यायचं. जे मिळेल ते तेवढंच घ्यायचं, उद्यासाठी भरून ठेवायचं नाही, आणि निघताना जागा झाडून द्यायची.

याचा सराव इथेही करता येतो. मी सप्टेंबरात आठवड्यातून एकदा फोन आणि पाकीट घरी ठेवून लांब चालायला जात होतो. पाणी लागलं तर कोणाच्या तरी फाटकाशी उभं राहून मागावं लागायचं. पहिल्या वेळी मी अर्धा तास तहानलेला फिरलो, शेवटी एका वॉचमनकडे मागितलं, त्याने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि त्याच्या गावची पूर्ण गोष्ट सांगितली. शिवाय शेवटचे पंधरा दिवस घरी फरशीवर सतरंजी टाकून झोपलो, पहाटे चारला उठून थंड पाण्याने अंघोळ, आणि एक दिवसाआड संध्याकाळी तासभर फोन न बघता नुसतं बसणं. हे बसणंच सगळ्यात अवघड. चालताना कंटाळा येतो हे कोणी सांगत नाही, केळीची शेतं, कापसाची शेतं, परत केळीची शेतं, सहा तास.

घर

ईएमआय, वीजबिल, विमा ऑटोपेवर. आई-बाबांची तीन महिन्यांची औषधं. गीझरवाल्याचा, प्लंबरचा, इनव्हर्टरवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवा. माझ्या बायकोने दुसऱ्या वेळी एकच अट घातली, रोज रात्री आठच्या आत एक मेसेज, रेंज नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, त्यानंतर ती शोधाशोध सुरू करणार. आणि मी तिला एक अट घातली, पहिले दहा दिवस घरातली कोणतीही किरकोळ अडचण सांगायची नाही. ती म्हणाली, "तू घरी असतोस तेव्हाही मीच निस्तरते." बरोबर होतं.

परत फिरायचे नियम आधीच लिहून ठेवा

निघायच्या आधी, घरात बसून, पोट भरलेलं असताना वहीच्या पहिल्या पानावर लिहा की कोणत्या कारणाने मी परत येईन. माझ्या पानावर होतं: दोन दिवस उतरत नाही असा ताप, छातीत दुखणं, सुजलेला आणि वजन पेलवत नाही असा गुडघा किंवा घोटा, पिकलेली जखम, घरात कोणी दवाखान्यात. यातलं काही झालं तर त्याच दिवशी बस धरायची, हट्ट करायचा नाही. बाकी कोणतंही कारण असेल तर निर्णय संध्याकाळी घ्यायचा नाही, उपाशीपोटी घ्यायचा नाही, आणि घेतलाच तर एक पूर्ण दिवस त्याच गावात आराम करून परवा सकाळी घ्यायचा.

दुसऱ्या वेळी चौथ्या दिवशी मी हेच केलं. एका आश्रमात आसन लावलं, कपडे धुतले, दुपारी तीन तास झोपलो, संध्याकाळी तिथल्या बाबांना भाजी चिरून दिली. सकाळी पाय तसेच दुखत होते पण बस आठवली नाही.

एक शेवटचं. पहिल्या दिवशी ओंकारेश्वरला संकल्प करून, बाटलीत जल भरून निघालात की अंगात इतका जोर असतो की पंचवीस किलोमीटर सहज होतील असं वाटतं, सोबतचे म्हणतीलही, चला पुढे. जाऊ नका. बारा किलोमीटरवर मोरटक्का आहे, तिथेच आसन लावा, दुपारभर पाय वर करून पडा. पुलावरून इंदूरच्या बसा जाताना दिसतात, त्यांच्याकडे पाठ करून पडा.